रविवारचा मी, बुधवारचा मी: नव्याने घरी रांधणाऱ्यांसाठी

घरी स्वयंपाक करायला लागलो त्या वर्षी मी दर रविवारी दोन पिशव्या भरून सामान आणायचो. येत्या आठवड्यात रोज ताजं, निगुतीनं रांधायचं, अशी रविवारच्या त्या मला खात्री असायची. बुधवारी संध्याकाळी कामावरून घरी यायचा तो मात्र दुसराच कुणीतरी. त्याला पालेभाजी निवडायचा कंटाळा, भांडी घासायचा त्याहून कंटाळा. तो दोन अंडी फोडायचा, ब्रेडबरोबर खायचा आणि झोपायचा. मग शनिवारी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात हात घातला की पिशवीतून काळपट पाणी गळत असायचं. आत कसली जुडी होती तेही ओळखू येत नसे.

बरेच दिवस मी याला आळस म्हणत होतो. पण खरेदी एक माणूस करत होता आणि स्वयंपाक दुसरा, आणि दोघांची कधी भेटच होत नव्हती. ती भेट घालून द्यायला मला दोनेक वर्षं लागली. पुढे जे लिहितोय त्यातलं बरंचसं त्या दोन वर्षांत चुकत चुकत जमलेलं आहे. एकट्याचं किंवा दोघांचं घर धरून लिहिलं आहे, माणसं जास्त असतील तर मापं वाढवा.

माझ्यासारखे पुष्कळ असावेत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ सालच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यात साली, हाडं असा न खाण्याजोगा भागही धरलेला आहे. यातलं ६० टक्के घराघरांतून गेलं, हॉटेलं आणि दुकानं नंतर येतात.

पायरी १: आठवडाभर फक्त लिहा

लगेच काही बदलू नका. फ्रीजवर एक कागद चिकटवा आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे रोज रात्री प्रत्यक्षात काय खाल्लं ते लिहा, उजवीकडे काय फेकलं ते. बाहेर खाल्लं असेल तर 'बाहेर' लिहा. लाजायचं कारण नाही, कागद कुणी वाचणार नाही.

माझ्या पहिल्या कागदावर सात रात्रींपैकी तीन बाहेर, दोन अंडी-ब्रेड आणि दोनच रात्री खरा स्वयंपाक निघाला. सामान मात्र सात रात्रींचं आणलं होतं. उजवीकडच्या रकान्यात पालेभाजी, अर्धी काकडी, दह्याचा तळ आणि एक वाटी भात. हा कागद पाहिल्यावर पाककृती शोधायची माझी हौस चार दिवसांपुरती तरी जिरली.

पायरी २: फडताळ ओट्यावर रिकामं करा

हे काम एकदाच करायचं, पण सगळं करायचं. डबे, पाकिटं, बाटल्या, कोपऱ्यात गेलेल्या पुड्या, सगळं बाहेर काढा. माझ्याकडे एकाच मसाल्याची तीन फोडलेली पाकिटं निघाली, तिन्ही रबर लावून नीट बंद केलेली. एका पाककृतीत एक चमचा हवी म्हणून घेतलेली आंबट सॉसची बाटलीही निघाली. त्या चमच्यानंतर तिला कुणी हात लावला नव्हता. तेव्हापासून माझा एक नियम आहे: एका पदार्थापुरतं लागणारं जिन्नस घ्यायचं नाही. त्याच्यावाचून पदार्थ अडत असेल तर तो पदार्थ दुसऱ्याच्या घरी खायचा.

पाकिटांवरच्या तारखा बघताना एक फरक ध्यानात ठेवा. 'बेस्ट बिफोर' म्हणजे त्या दिवसापर्यंत चव, कुरकुरीतपणा, वास उत्तम राहील. बिस्किटं किंवा कोरडी डाळ त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी विष होत नाही. 'यूज बाय' ही तारीख मात्र लवकर नासणाऱ्या वस्तूंवर असते आणि तिचा संबंध सुरक्षिततेशी आहे. तिथे वास घेऊन ठरवू नका. आजारी पाडणाऱ्या जंतूंमुळे अन्नाला वास येईलच असं नसतं.

सगळं परत लावताना जुनं पुढे, नवं मागे. उरलेल्या सामानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दुकानात उभं राहून 'घरी जिरं आहे का' हे आठवण्यापेक्षा फोटो बघणं सोपं.

पायरी ३: तीन पदार्थ हातात बसवा

नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे रोज नवा पदार्थ. मीही केली. नव्या पदार्थात लक्ष सगळं कृतीकडे जातं. आच केवढी आहे, कढईतून आवाज कसा येतोय, वास कधी बदलला, हे काहीच कळत नाही. त्यापेक्षा तीन पदार्थ निवडा आणि महिनाभर तेच करा. एक असा की धान्य आणि डाळ एकाच भांड्यात शिजेल. एक परतलेली भाजी. एक अंड्यांचं किंवा सूपसारखं काहीतरी, जे पंधरा मिनिटांत होईल. तिसरा पदार्थ बुधवारसाठी राखीव.

मापाचं म्हणाल तर सुरुवातीला मी आईला फोन करायचो.

"आई, मीठ किती घालू?"

"घाल आपलं अंदाजाने."

"अंदाज नाही म्हणून तर विचारतोय ना!"

"मग थोडं घाल, चाखून बघ, मग अजून घाल. चुकल्याशिवाय अंदाज येत नाही, बाळा."

मला तेव्हा राग आला होता, पण पद्धत तीच खरी. मीठ दोन-तीन हप्त्यांत घाला आणि दर वेळी चाखा. जास्त झालंच तर बटाटा टाकून ते शोषलं जातं हे विसरा. बटाटा खारट पाणी पितो खरा, पण उरलेलं पाणी तितकंच खारट राहतं. उपाय एकच, बिनमिठाचं बाकीचं सगळं वाढवायचं आणि दोन दिवस खायचं. आणि चव सपक वाटली तर आणखी मीठ घालण्याआधी लिंबाचे चार थेंब पिळून पाहा. बऱ्याचदा आंबटच कमी पडलेलं असतं.

आता कांद्याविषयी जरा सविस्तर, कारण एक कांदा नीट परतता आला की अर्धा स्वयंपाक आला असं माझं मत आहे. पाककृतीत लिहितात, 'कांदा पाच मिनिटं तांबूस होईपर्यंत परता.' पाच मिनिटांत कांदा तांबूस झालेला मी आजवर पाहिलेला नाही. दोन मध्यम कांद्यांना मध्यम आचेवर माझ्याकडे वीस मिनिटं लागतात. जाड बुडाच्या कढईत तेल तापलं की कांदा टाका, वर चिमूटभर मीठ. आधी मोठ्याने चरचर होते आणि वाफ निघते. ते कांद्यातलं पाणी. पाणी आहे तोवर रंग येत नाही, कारण पाणी १०० अंशांना उकळतं आणि ओला कांदा त्याच्या फारसा वर तापत नाही. तांबूस रंग आणि खमंग वास देणारी प्रक्रिया जोर धरते ती १४० अंशांच्या आसपास. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचं वर्णन केलं, म्हणून तिला मायार प्रक्रिया म्हणतात. मग चरचर बारीक होत जाते, कांदा मऊ पडून निम्म्यावर येतो, कडा पिवळसर होतात. इथे सगळ्यांचा धीर सुटतो आणि आच वाढवली जाते. वाढवू नका. तळाला तपकिरी थर धरायला लागला की चमचाभर पाणी शिंपडा आणि उलथन्याने खरवडून घ्या, तो थर म्हणजे फुकटची चव आहे. दोन-तीनदा असं केलंत की कांदा सारखा तांबूस होतो आणि वासाने शेजारच्या खोलीतला माणूस उठून येतो.

कढईत भाजी कोंबली की ती परतली न जाता वाफेवर शिजते, त्याचंही कारण हेच पाणी. दोन घाण्यांत करा.

पायरी ४: यादी बुधवारपासून उलटी

यादी करताना आधी स्वयंपाकाच्या रात्री मोजा. माझ्या कागदाने सांगितलं होतं की अंडी-ब्रेडच्या दोन रात्री धरूनही मी आठवड्यातून चारच रात्री रांधतो. म्हणून सामान चार रात्रींचं. एक रात्र उरलेल्याची, दोन रात्री कोऱ्या. कोऱ्या रात्री ठेवायला सुरुवातीला जीव कसनुसा होतो. ठेवा तरीही.

मग भाज्यांना टिकाऊपणाप्रमाणे वार द्या. पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत. फ्लॉवर, शेंगा, ढोबळी मिरची मधल्या दिवसांत. गाजर, कोबी, लाल भोपळा शेवटी, कारण ते वाट बघतात. बुधवारच्या रकान्यात निवडायची, सोलायची, भिजवायची अशी कुठलीही गोष्ट येता कामा नये. आली तर तिचं काम रविवारीच उरकायचं.

यादीत नुसतं 'तांदूळ, टोमॅटो' लिहू नका, आकडा लिहा. मला एका वेळी साधारण ७५ ग्रॅम कोरडा तांदूळ पुरतो. तुमचा आकडा वेगळा असेल, तो एकदा वाटीने मोजून ठरवा. आकडा नसलेली यादी दुकानात दुप्पट होते.

पायरी ५: दुकानात

एके काळी गिऱ्हाईक गल्ल्यापाशी यादी द्यायचं आणि दुकानदार मागून एकेक वस्तू काढून आणायचा. १९१६ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी पिग्ली विग्ली नावाचं दुकान काढलं आणि गिऱ्हाइकाच्या हाती टोपली देऊन त्यालाच मांडण्यांमधून फिरवलं. पुढे १९३७ मध्ये ओक्लाहोमा शहरातल्या सिल्व्हन गोल्डमन यांनी चाकांची ढकलगाडी आणली. हाताला टोपली जड झाली की लोक खरेदी थांबवतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. तो थांबण्याचा इशारा गाडीने काढून घेतला. म्हणून चार रात्रींचं सामान घ्यायचं असेल तर टोपलीच घ्या. हात भरून आला की आपोआप गल्ल्याकडे वळाल.

पोटभर खाऊन जा, हा सल्ला सगळेच देतात आणि तो बरोबर आहे. त्याहून मला उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे नजर. दुकानाला जे खपवायचं असतं ते बहुधा डोळ्यांच्या उंचीवर असतं. खाली वाका, वरच्या फळीकडे मान करा आणि मग किमतीची तुलना करा. तुलना पाकिटाच्या किमतीची करू नका, किमतीला वजनाने भागा. पाकिटं ४०० ग्रॅमची, ४५० ग्रॅमची, ९०० ग्रॅमची अशी विचित्र मापांची असतात आणि नुसत्या डोळ्यांनी त्यातलं स्वस्त कुठलं ते कळत नाही. मोबाइलवर भागाकार करायला दहा सेकंद लागतात.

मोठं पाकीट किलोमागे स्वस्त पडलं तरी ते संपणार असेल तरच स्वस्त. मी एकदा स्वस्त पडतं म्हणून तांदळाचं मोठं पोतं आणलं. निम्म्यावर आलं तोवर त्यात पोरकिडे झाले. मग एक अख्खी दुपार परात घेऊन पाखडत बसलो आणि अखेर उरलेलं पोतं टाकूनच दिलं. किलोमागे वाचलेले पैसे त्या पोत्याबरोबरच गेले.

तयार पाकीट घ्यायचंच तर उलटं करून घटकपदार्थांची यादी वाचा. घटक वजनाप्रमाणे उतरत्या क्रमाने छापलेले असतात, म्हणजे पहिले तीन वाचले तरी आत मुख्यतः काय आहे ते समजतं. साखरेच्या बाबतीत मात्र सावध. ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, माल्टोज अशी ती वेगवेगळ्या नावांनी विभागली जाते आणि प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं. सगळ्यांची बेरीज केली तर साखर वर येते. मिठाच्या जागी बऱ्याचदा सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. चहाचा एक सपाट चमचा. एखाद्या पाकिटात त्यातलं किती जातं हे एकदा हिशोब करून बघाच.

भाजी हाताने बघा. कांद्याची मान कोरडी आणि घट्ट हवी, दाबली आणि मऊ लागली तर आतून सडायला लागला आहे. हिरवट बटाटे नकोत. पालेभाजीची जुडी वरून टवटवीत दिसते, दोऱ्याखालचे देठ बघा, सड तिथून सुरू होते.

आणि गोठवलेले मटार घेताना अपराधी वाटून घेऊ नका. ते तोडणीनंतर लवकर गोठवलेले असतात, आणि चार दिवस फिरून आलेल्या 'ताज्या' मटारांपेक्षा बुधवारी तेच जास्त कामाला येतात. डबाबंद टोमॅटोचंही तेच. सगळं ताजं आणि सगळं घरीच, या हट्टाने मी जितक्या वेळा बाहेर जेवलो तितका आळसानेही जेवलो नसेन.

पायरी ६: पिशव्या खाली ठेवल्यावरची वीस मिनिटं

ही वीस मिनिटं रविवारच्या माणसाने बुधवारच्या माणसाला दिलेली भेट आहे. पिशवी तशीच फ्रीजमध्ये सारलीत तर आधीची सगळी मेहनत गेली.

कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवू नका, दोन्ही लवकर खराब होतात. बटाटे अंधारात आणि फ्रीजबाहेर. उजेडात ते हिरवे पडतात आणि त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं. फ्रीजच्या थंडीत त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळल्यावर ते काळपट होतात. केळी, सफरचंदं, पिकलेले टोमॅटो यांतून इथिलीन वायू सुटतो. त्याने शेजारची फळं भराभर पिकतात आणि पालेभाजी पिवळी पडते, म्हणून त्यांची जागा वेगळी. टोमॅटो पिकेपर्यंत बाहेरच राहू द्या, थंडीत त्यांचा वास मरतो. ब्रेड फ्रीजमध्ये ठेवला तर बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. दोन दिवसांत संपणार नसेल तर कापं करून सरळ फ्रीझरमध्ये टाका आणि लागेल तेवढीच काढून भाजा.

पालेभाजी आल्या आल्या निवडा. धुतलीत तर पूर्ण कोरडी करा, कोरड्या फडक्यात गुंडाळा आणि डब्यात ठेवा. ओलावा हाच तिचा शत्रू. ही एक सवय लागल्यापासून ते काळपट पाणी मी फारसं पाहिलेलं नाही.

पायरी ७: बुधवार

रविवारी कांदे परतताना दोनाऐवजी चार घ्या आणि निम्मे डब्यात भरा. कडधान्य शिजवताना दुप्पट शिजवा. बुधवारी घरी आलात की वीस मिनिटांचा कांदा तयार आहे आणि कडधान्यही शिजलेलं आहे, आता उरलं काय? कढई तापवायची आणि एक टोमॅटो चिरायचा.

इथे दोन गोष्टींत मात्र काटेकोर राहा. राजमा किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका आणि नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळा, मग मऊ होईपर्यंत शिजवा. कच्च्या राजम्यात असलेलं लेक्टिन पोट भयंकर बिघडवतं, आणि मंद आचेच्या इलेक्ट्रिक भांड्यात तो नुसता ठेवला तर ते नष्ट होईल इतकी उष्णता मिळत नाही.

दुसरी गोष्ट भाताची. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू तांदूळ शिजल्यावरही जिवंत राहतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. नंतर कितीही गरम केलं तरी ते विष जात नाही. एकंदरच शिजलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये फार वेळ राहू देऊ नये. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं, आणि फ्रीजही ५ अंशांच्या खाली हवा. खोल पातेल्यात भात हळू निवतो, म्हणून पसरट डब्यात काढा. परत गरम करताना मधूनही वाफा निघेपर्यंत करा, आणि एकदाच.

फ्रीझरमधल्या डब्यांवर कागदी चिकटपट्टी लावून नाव आणि तारीख लिहा. 'हे काय आहे ते मला आठवेल' असं प्रत्येकाला वाटतं. गोठल्यावर सगळंच तपकिरी दिसतं.

एवढं करूनही एखादा आठवडा पूर्ण फसतो. पाहुणे येतात, काम वाढतं, ताप येतो. त्या आठवड्यात नवी खरेदी करू नका, फ्रीझर आणि फडताळ यांच्यावर काढा. उजवीकडचा रकाना तेवढा लिहीत राहा. माझ्या फ्रीजवर या आठवड्याच्या कागदावर उजवीकडे एकच नोंद आहे, 'काकडी, अर्धी, पुन्हा'. खाली रविवारच्या यादीत मी 'काकड्या २' खोडून 'काकडी १' केलं आहे.